गोव्याचा तिसरा शेजारी



पणजीच्या पुराभिलेखागारात 'रेइस व्हिझिन्युस' या नावाची दफ्तरे आहेत. शेजारी राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची ही दफ्तरे. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने रायगड, सातारा, पुणे, विजापूर, सोंदे, सावंतवाडी अशा भोवतालच्या दरबारांना लिहिलेल्या पत्रांच्या नकला त्यांत बांधून ठेवलेल्या आहेत. गोव्याचा हा दफ्तरखाना १५९५ साली सुरू झाला आणि दियोगु दु कोतु या इतिहासकाराकडे त्याची जबाबदारी आली. पुढे साडेतीनशे वर्षांनी पांडुरंग पिसुर्लेकर यांनी याच कागदांवर आयुष्य वेचले आणि त्यांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या ग्रंथामुळे ते मराठी वाचकापर्यंत पोहोचले. त्या कागदांसमोर बसणाऱ्याला एक प्रश्न चुकवता येत नाही. लष्कर तोकडे, तिजोरी बहुधा रिकामी आणि लिस्बनची कुमक वर्षातून एकदा, तीही मोसमी वाऱ्याच्या भरवशावर. असे हे सरकार दक्षिणेतल्या सर्वांत चढत्या सत्तेच्या उंबरठ्यावर इतकी वर्षे टिकले कसे?

नेहमीची उत्तरे तीन आहेत. पोर्तुगीजांचे आरमार आणि किल्ले, त्यांचे मुत्सद्दी, आणि मराठ्यांनी वेळोवेळी दाखवलेली उदारता. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे मला आज मांडायचे आहे. गोव्याचे भवितव्य मांडवीच्या काठी जेवढे ठरत होते, त्याहून जास्त ते या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ठरत होते. मराठे हा गोव्याचा शेजारी, आणि त्या शेजाऱ्याच्या पाठीमागे कायम उभी असलेली औरंगाबादची सत्ता, आधी मोगलांची आणि नंतर निजामाची, हा त्याचा तिसरा शेजारी. त्याची सीमा गोव्याला कुठेच भिडत नव्हती. तरीही तो हलला की गोव्याचा श्वास मोकळा व्हायचा आणि तो गप्प बसला की कोंडायचा.

सुरुवात १६६७ पासून करू. आग्र्याहून सुटून आल्यावर शिवाजी महाराजांनी मोगलांशी तह जुळवून आणला होता. दक्षिणेचा सुभेदार म्हणून शहजादा मुअज्जम औरंगाबादेत होता. त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर दहा वर्षांचे संभाजीराजे प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी यांच्यासह याच शहरात येऊन मुअज्जमला भेटले आणि मराठ्यांची एक फौज मोगलांच्या चाकरीत इथे राहिली. या भेटीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, महाराजांची फौज बारदेशात उतरली. निमित्त होते लखम सावंत आणि इतर देसाई यांचे. ते गोव्याच्या आश्रयाला राहून मराठी मुलखात उपद्रव करीत होते. विजरई कौंट द सांव्ह व्हिसेंत याला डिसेंबरात तह करावा लागला. पुढे १६६९ च्या अखेरीस औरंगाबादचा सलोखा मोडला आणि इथली मराठी फौज निघून गेली. फेब्रुवारी १६७० च्या आरंभी तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला आणि त्याच महिन्यात विठ्ठल पंडितांच्या वकिलीने गोव्याशी नवा, दोघांनाही सोयीचा तह झाला. मोगलांशी शांतता असताना बारदेशावर स्वारी झाली आणि मोगलांशी युद्ध पेटताच गोव्याशी मैत्री झाली.

१६७५ साली हाच क्रम पुन्हा दिसतो. फोंड्याला वेढा घालण्याआधी महाराजांनी सुभेदार बहादूरखानाला तहाच्या वाटाघाटींत गुंतवून ठेवले. मोगल बोलण्यात रमले आणि विजापूरकरांचा फोंडा पडला. गोव्याने वेढ्यातल्या लोकांना गुपचूप रसद पाठवली होती. ती पकडली गेल्यावर ती आमच्या हुकमाने गेली नाही, असा खुलासा विजरईकडून आला. दुबळ्या सरकारचे हे नेहमीचे शास्त्र. दमणच्या चौथाईचे गाडेही असेच रेंगाळले. रामनगरच्या कोळी राजाला दमणच्या गावांतून पोर्तुगीज चौथ देत असत. १६७२ मध्ये रामनगर मराठ्यांकडे आले, तेव्हा ती चौथ आता आम्हाला द्या, अशी मागणी झाली. गोव्याने ती साफ नाकारलीही नाही आणि पैसेही दिले नाहीत. कागदपत्र मागायचे, वकील बोलवायचा, परत पाठवायचा, असे करत महाराजांच्या निधनापर्यंत वेळ काढला. या टाळाटाळीला मुत्सद्देगिरी म्हणायला माझी हरकत नाही. पण ती चालली, कारण मराठ्यांना ती वसूल करायला फौज मोकळी नव्हती.

आता १६८३ चे संकट. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सारा भार याच प्रसंगावर आहे. औरंगजेब मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत आला. त्याचा बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला होता. गोव्यात कौंट द आल्व्होर, म्हणजे फ्रांसिस्कु द ताव्होरा, विजरई होऊन नुकताच आला होता. औरंगाबादच्या छावणीतून गोव्याकडे मागणी गेली की कोकणात लढणाऱ्या मोगल फौजेची रसद समुद्रमार्गे तुमच्या ठाण्यांवरून जाऊ द्या. गोव्याने ती जाऊ दिली. संभाजी महाराजांच्या दृष्टीने हे उघड शत्रुत्व होते, आणि १६८३ च्या उन्हाळ्यापावसाळ्यात तारापूर ते चौल या पोर्तुगीज पट्ट्यावर मराठ्यांचे हल्ले झाले. विजरईने मग एक विलक्षण निर्णय घेतला. ज्याच्याकडे बचावापुरतेही लष्कर नव्हते, त्याने नोव्हेंबरच्या प्रारंभी स्वतः फोंड्यावर चढाई केली. हे वेडे धाडस नव्हते. औरंगाबादहून मोठी फौज दक्षिण कोकणाकडे येणार, ही बातमी त्याच्याकडे होती, आणि मराठे आता दोन्हीकडे तोंड देऊ शकणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, फक्त काही आठवडे लवकर केलेला.

संभाजी महाराज स्वतः फोंड्याला धावून आले आणि विजरई कसाबसा परतला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे ऊर्फ सांत इश्तेव्ह हे राजधानीजवळचे बेट घेतले. ते परत घ्यायला गेलेला विजरई जखमी होऊन पळाला. डिसेंबरात बारदेश आणि सासष्टी मराठ्यांच्या घोड्यांखाली होती. गोवा शहरात तेव्हा भीती किती दाटली होती, हे एका कृतीवरून कळते. विजरईने बॉम जेझूच्या चर्चमध्ये जाऊन आपला अधिकारदंड आणि नेमणुकीचे कागद सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीशी, त्या संताच्या हाती ठेवले. आपल्या हातून आता राज्य राखवत नाही, याची ती जाहीर कबुली होती.

जानेवारी १६८४ मध्ये एक फौज रामघाट उतरून डिचोलीच्या बाजूला आली. तिचा सेनापती शाह आलम, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी याच शहरात बाल संभाजीराजांची भेट घेणारा तोच मुअज्जम. पावसाळ्याच्या अखेरीस तो औरंगाबादहून निघाला होता. उत्तर कोकणात त्याच वेळी शहाबुद्दीनखान उतरला होता. दोन बाजूंनी मोगल येताहेत म्हटल्यावर महाराजांनी गोव्याचा नाद सोडून रायगड गाठला. अकबर आणि कवी कलश यांच्यामार्फत गोव्याशी तहाची बोलणी झाली. जिंकलेले परत करावे, कैदी सोडावेत अशा त्याच्या अटी होत्या. मराठ्यांच्या हाती आलेले गोवे सुटले ते असे. गोव्यातल्या भाविकांनी या सुटकेचे श्रेय संताला दिले आणि आजही देतात. श्रद्धेचा मान ठेवून एवढेच म्हणतो की संताच्या मदतीला जी कुमक आली ती औरंगाबादहून आली.

पण या प्रसंगाचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. तारणारा दारात आल्यावर गोव्याने काय केले? शाह आलमच्या रसदेची गलबते नदीत घेण्याबाबत गोव्याने हात आखडता घेतला. सुटकेच्या मोबदल्यात तो पैसे मागत होता आणि संधी मिळाली तर गोवाच गिळेल, असा संशय विजरईला होता. तो संशय निराधार म्हणता येत नाही. परिणामी मोगल फौजेची उपासमार झाली, त्यात रोगराई शिरली आणि परत घाट चढताना हजारो माणसे व जनावरे मेली. म्हणजे ज्या सत्तेने गोव्याला वाचवले, तिला गोव्याने जाणूनबुजून जिंकू दिले नाही. मराठे संपावेत असे पोर्तुगीजांना वाटत होते, हा समज इथे गळून पडतो. मराठे संपले असते तर मोगल थेट शेजारी झाले असते. गोव्याला हवे होते ते दोघांचे न संपणारे भांडण. आज हे शहर त्याच राजाचे नाव धारण करते ज्याच्याविरुद्ध तेव्हा इथे छावणी पडली होती, आणि त्या छावणीच्या मोठेपणाचा सर्वांत मोठा लाभार्थी एक फिरंगी सरकार ठरले, हे इतिहासाचे तिरकस वळण आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला किल्ल्यांचा आणि आरमाराचा. पोर्तुगीज आरमार मराठ्यांहून सरस होते, हे खरेच. पण सरस आरमार असतानाही जुवे एका रात्रीत गेले आणि उत्तरेतला सर्वांत बळकट किल्ला, वसई, १७३९ मध्ये पडला. किल्ले वेळ मिळवून देतात. त्या वेळेत कोणी धावून येणार असेल तरच तो वेळ कामाचा. दुसरा आक्षेप मुत्सद्द्यांचा. गोव्याचे पुण्यातले आणि रायगडावरचे काम बहुतांशी हिंदू वकिलांनी, विशेषतः शेणव्यांनी केले. शिवकाळात रामोजी शेणवी कोठारी, पेशवाईत नारायण विठ्ठल धुमे. या दुभाष्यांवर आणि वकिलांवर पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजमध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. धर्मांतराचा जुलूम करणाऱ्या सरकारची वकिली त्या जुलमाने पोळलेल्या समाजातली माणसे करीत होती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे, पण आजचा विषय तो नाही. त्यांचे कौशल्य मी मान्य करतो. मात्र त्या कौशल्याचा गाभा काय होता? बातमी. कोणाची फौज कुठे निघाली, कोण कोणावर रुसला, कोणाला पैशांची निकड आहे. तिसरा कुठे आहे हे दुसऱ्याच्या दरबारात बसून ताडणे हेच त्यांचे काम. म्हणजे हा आक्षेप माझ्या मांडणीला खोडत नाही, तिला दुजोराच देतो.

पुढची चाळीस वर्षे भरभर ओलांडू. मोगलांची जागा निजामाने घेतली. उत्तर कोकणात उतरलेल्या त्या शहाबुद्दीनखानाचाच मुलगा निजाम-उल्-मुल्क. त्याची दक्षिणेतली मुख्य ठाणी औरंगाबाद आणि बऱ्हाणपूर, आणि मरणानंतरची जागा खुलताबाद. औरंगजेब आणि तो, गोव्याचे हे दोन अनवधानाचे रक्षक एकाच गावात पुरले गेले आहेत. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळला त्याला पुन्हा नमवले. यानंतर काय झाले ते तारखांनिशी पाहा. १७३८-३९ च्या हिवाळ्यात चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेचा अखेरचा जोर लावला. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या सासष्टीत शिरून मडगावात होते. निजाम मात्र बादशहाबरोबर उत्तरेत होता, आणि फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नालला नादिरशहापुढे मोगल दरबाराची जी दैना झाली ती तो तिथे उभा राहून पाहत होता. दक्षिणेत त्याचा मुलगा नासिरजंग होता, पण बापाच्या वजनाशिवाय तो कोकणात उतरण्याच्या स्थितीत नव्हता. मुंबईच्या इंग्रजांनी वसईकरांना तारण घेऊन थोडे कर्ज दिले, फौज दिली नाही. मे महिन्यात वसई पडली. तिसरा शेजारी घरी नसताना पोर्तुगीजांचा अर्धा हिंदुस्थान गेला.

इथे एक जाणता श्रोता म्हणेल की वसई पडली ती तिथल्या रयतेच्या असंतोषाने. अणजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी मराठ्यांना बोलावले, वाटा दाखवल्या, माणसे फोडली. हे सारे खरे आहे, आणि ते वगळून वसईचा इतिहास लिहिणे अन्याय होईल. पण असंतोष मोहीम सुरू झाली त्या १७३७ मध्ये जन्मला नव्हता. उत्तर फिरंगाणातला धार्मिक छळ दीडशे वर्षांचा होता आणि अणजूरकरांची खटपटही मोहिमेच्या कितीतरी आधीची. असंतोषाने युद्धाचे कारण पुरवले. युद्धाची वेळ पालखेडने आणि त्याच्या निकालाची वेळ भोपाळने ठरवली.

हिंदुस्थानाबाहेरची दोन उदाहरणे या मुद्द्यावर प्रकाश टाकतात. इराणच्या आखातातले होर्मुझ पोर्तुगीजांनी शंभर वर्षांहून अधिक काळ राखले, आणि १६२२ मध्ये गमावले. तिथला शहा अब्बास आधीही बलाढ्य होता. नवे होते ते इंग्रजांची जहाजे त्याच्या बाजूला येणे. तिसरा शेजाऱ्याला मिळाला की वसाहत संपते. मकावमध्ये उलटे. चीनच्या बादशहाला तोडीस तोड असा तिसरा तिथे कोणी नव्हताच. म्हणून मकावच्या पोर्तुगीजांनी १८४९ पर्यंत चिनी अधिकाऱ्यांना जमिनीचे भाडे भरले आणि निमूट राहिले. गोव्याने जे नखरे शिवाजी महाराजांशी केले ते मकावला परवडणारे नव्हते.

सर्वांत अवघड आक्षेप आता घेतो. तुमचे म्हणणे खरे असेल तर १७४० नंतर, विशेषतः १७६० मध्ये उदगीरला निजाम लोळागोळा झाल्यावर, मराठ्यांनी गोवा का घेतला नाही? याचे एक उत्तर पानिपत. उदगीरनंतर वर्षभराच्या आतच ते घडले, आणि १७६३ मध्ये निजामअलीने पुणे जाळले. त्याच वर्षी गोव्याने फोंडा घेतला. हाही तोच जुना मेळ. पण एवढ्याने भागत नाही, हे मी कबूल करतो. १७४० ते १७६० या वीस वर्षांत गोवा घेण्याइतकी मराठ्यांची ताकद होती आणि इच्छा क्षीण होती. उत्तर फिरंगाण गेल्यावर पोर्तुगीज धोकादायक उरले नव्हते, आणि मुंबईचे इंग्रज धोकादायक होऊ लागले होते. अशा वेळी दुबळा फिरंगी पुण्याच्या उपयोगाचा होता. म्हणजे तिसऱ्याची भूमिका आता गोव्याकडेच आली. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १७७९ चा तह. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पुणे दरबाराने पोर्तुगीजांची मैत्री राखण्यासाठी दमणजवळच्या बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांचा महसूल त्यांना देण्याचे ठरवले. १७८३ आणि १७८५ मध्ये नगर हवेली आणि दादराची गावे याप्रमाणे दिली गेली. साष्टी-वसई घेणाऱ्या दरबारानेच चाळीस वर्षांनी फिरंग्याला गावे दिली, आणि ती भीतीने नव्हे, इंग्रजांच्या हिशेबाने.

या सनदांचे पुढे काय झाले हे सांगण्यासारखे आहे. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पेशव्यांचा तह आणि सनदा तिथल्या न्यायाधीशांसमोर ठेवल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली ती नंतर, इंग्रजांच्या वर्तनातून. सशस्त्र फौज नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असाही निवाडा झाला. वीस महिन्यांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्याच्या बाजूने तिसरा कोणीच उभा राहिला नाही. पोर्तुगालने इंग्लंडला जुन्या मैत्रीच्या तहांची आठवण दिली, इंग्लंडने लष्करी मदत केली नाही. सुरक्षा परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती लिहून दिली.

शेवटचा आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तारखा जुळल्या म्हणजे कार्यकारण सिद्ध होत नाही. बरोबर आहे. गोव्याच्या बाजूने मात्र तारखांपेक्षा अधिक पुरावा आहे. गोव्याच्या विजरईच्या राज्यसभेच्या बैठकींची इतिवृत्ते पिसुर्लेकरांनी पाच खंडांत प्रसिद्ध केली आहेत, आणि मोगलांचे काय चालले आहे हा विचार गोव्याच्या मसलतीत किती वजनाचा होता, ते त्यांत वाचता येते. मराठ्यांच्या बाजूने पेशवे दफ्तर आहे. पारडे रिकामे आहे ते तिसऱ्याचे. औरंगाबादच्या छावणीत गोव्याचा विचार कोणी, किती, कशासाठी केला? शाह आलमला गोवा घेण्याचे खरेच हुकूम होते का, की तो केवळ विजरईचा संशय? या प्रश्नांची उत्तरे फारसी कागदांत शोधावी लागतील. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणून वाट घालून दिली. त्या वाटेने फार थोडे लोक पुढे गेले. मराठवाड्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की मोडी शिकता आहातच, तिच्या जोडीला फारसी शिका, आणि तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तरी पोर्तुगीज शिकून पणजीला जा. या शहरातून गेलेल्या पत्रांना गोव्याहून काय उत्तरे आली, हे तिथल्या दफ्तरांत आहे. इथून काय गेले होते, ते तुम्हीच शोधून काढायचे आहे.